खुर्चीतलं ऊन

निवृत्त झाल्यापासून आई गॅलरीतल्या उन्हामागे खुर्ची सरकवत बसायची. त्या सकाळीही मटार सोलता सोलता तिच्यातली भौतिकशास्त्राची शिक्षिका जागी झालीच.

"सूर्याच्या पोटात हायड्रोजनची चार अणुकेंद्रं एकजीव होऊन हेलियमचं एक होतं," ती लेकीला म्हणाली, "पण वजन किंचित कमी भरतं. ते गेलं कुठे, सांग बघू?"

हा प्रश्न लहानपणापासूनचा. लेकीला उत्तर तोंडपाठ होतं, पण ते न सांगण्यातच गंमत होती.

"तूच खाल्लं असशील, या मटारांसारखं."

"मठ्ठ गं मठ्ठ! केस पिकले तरी नापासच."

दुसऱ्या दिवशी पहाटे आई झोपेतच गेली.

माणसं आली, चार दिवस राहून गेली, आणि मग घर खायला उठलं. आज लेकीच्या लक्षात आलं, ऊन कठड्यापाशी पोचलंय आणि खुर्ची मागे सावलीतच राहिलीय. तिने ती ओढून उन्हात ठेवली आणि शेजारी जमिनीवर बसली. खुर्चीचा वेत हळूहळू कोमट झाला. मग त्यावर हात ठेवून ती म्हणाली,

"त्याचं ऊन झालं, आई. मला पहिल्यापासून ठाऊक होतं."