डावा कोपरा

"डावा कोपरा सोडनारच नाय ते! माझ्याकडनं लिहून घे," म्हणत सुरेंद्रने बाकड्यावर अशी थाप मारली की त्याच्या पुढ्यातली कपबशी नाचली.

"बशी माझी हाय," जना स्टोपाशी उभी राहूनच म्हणाली. "फुटली तर तुझ्या गरुडांचा मालक भरून नाय देनार."

शेणवा नाक्यावरच्या तिच्या टपरीत मे महिन्याची दुपार नुसती पेटली होती. पत्र्याखाली तिघे जण बसले होते. शहापूर-मुरबाड जीप चालवणारा सुरेंद्र, आसनगावच्या कारखान्यातून सकाळची पाळी करून आलेला प्रणय, आणि कोपऱ्यात पंचा मानेवर टाकून बसलेला विठू. विठू जनाच्या नवऱ्याचा, धर्माचा, जुना जोडीदार. दोघांनी मिळून पंधरा वर्षं गावासाठी कबड्डी खेळली होती.

प्रणयचा मोबाइल बिस्किटांच्या बरणीला टेकवून ठेवला होता. चार वाजता यादी येणार होती. 'कोकण गरुड' संघ पुढच्या हंगामासाठी कोणाला ठेवतो आणि कोणाला सोडतो, याची यादी. गरुडांचा डावा कोपरा गेली चार वर्षं जनाचा भरत सांभाळत होता. टीव्हीवर त्याचं नाव पुकारलं की या नाक्यावर फटाके वाजत.

"कोच बदललाय, हे ध्यानात घे," प्रणय म्हणाला. "नव्याला हरयानाची पोरं पसंत. आनि भरतदादाच्या शेवटच्या आठ मॅच काढून बघ. पॉइंटच नायत."

"पॉइंट कुठून येतील? त्याच्याकडे रेडर फिरकतच नाय. भीतीनं सगळे उजव्या बाजूला पळतात. हे तुझ्या मोबाइलमदे लिवतात का?"

जनाला मनोमन पटलं. सुरेंद्र बडबड्या खरा, पण खेळ त्याला दिसत होता.

"तो इरानी गेला ते बरं झालं," सुरेंद्र पुढे म्हणाला. "उंच नुसता. पाय म्हनजे लाइटचे खांब, वाकायचं नावच नाय."

"तीन रेडर घेतले पन. आता बचाव कोन करनार?"

"तुझा आजा."

"आजा वारला माझा."

"मग त्यालाच घेतील. या मालक लोकांचं काय सांगू नये."

प्रणय हसला. विठू हसला नाही. त्याने जनाकडे पाहिलं आणि नजर पुन्हा रस्त्याकडे वळवली.

"काकी, तू का गप?" सुरेंद्र म्हणाला. "तुला काय कळवलं असंल ना भरतने? पुन्याच्या कॅम्पमदनं?"

"फोन नसतो त्याला तिथं," जना म्हणाली आणि उकळत्या चहात उगाच आणखी साखर टाकली.

भरत पुण्याला नव्हताच. तो मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या अलीकडे, जनाच्या बहिणीकडे, बाईजाकडे होता. तीन महिने झाले. हे तिघांनाच ठाऊक होतं: जनाला, बाईजाला, आणि त्याला रातोरात तिकडे पोचवणाऱ्या विठूला.

"अरे, तब्येतीचं काय घेऊन बसलास," सुरेंद्र प्रणयला सांगत होता. "फेब्रुवारीत तू नव्हतास. आमी डोळ्यांनी बघितलाय त्याला. धर्माकाकांच्या नावाच्या सामन्यांना. सोडती चढाई करून परत आला, शर्ट पन चढवला अंगात. आनि ही काकी बायकांमदनं ओरडली..."

"पुरे रे," जना म्हणाली.

"पुरे काय? सांगू दे ना! म्हनते, 'बापाच्या नावाला नुसता हात लावून परत येतो? खेळ की!' काय हाक होती! त्यानं शर्ट फेकला न् गडी कोपऱ्यात उभा. अंगावर काटा आलेला माझ्या!"

जनाच्या अंगावर तो काटा आजही येत होता, पण वेगळा.

त्यांच्या गावची रीत जुनी होती. खेळाडू माणूस गेला की वर्षाच्या आत त्याच्या नावाने सामने भरवायचे. पहिली चढाई त्याच्या मुलाने करायची. समोरच्या सात जणांनी त्याला धरायचं नाही, म्हणून ती सोडती चढाई. मुलाने पलीकडच्या रेषेला हात लावायचा, ती माती कपाळाला लावायची आणि परत यायचं. मग मैदान इतरांचं. मैदानही रीतीने केलेलं असायचं. लग्न होऊन आली तेव्हापासून जनाने ते किती वेळा केलं असेल! तळ्याची माती चाळायची, भाताचा तूस कालवायचा, शेणाचा सडा घालायचा, आणि बायकांनी ओळीने उभं राहून ती जमीन पायांनी मळून घ्यायची. त्या काळी सामने दिवस मावळायच्या आत उरकत. बक्षीस म्हणजे तांब्याची घागर नाहीतर बोकड. मळता मळता बायका खेळावर वाद घालत, आणि त्यात जनाचा शब्द शेवटचा असे. कोणता गडी दम राखून आहे, कोण नुसता ओरडतो, तिला बरोबर कळायचं.

म्हणूनच त्या दिवशी तिला राहवलं नाही. टीव्हीवर नाव गाजवलेला आपला मुलगा, आणि कोणी त्याच्या अंगाला हात लावेना. त्याला अशी वाट मोकळी करून दिलेली बघून तिला ते दान घेतल्यासारखं वाटलं. धर्माला असलं दान खपलं नसतं. ती ओरडली. संघाशी केलेल्या करारात बाहेर कुठेही खेळायला मनाई होती, हे तिला माहीत होतं. भरतने सकाळीच सांगितलं होतं, "आई, रीत तेवढी करतो न् बाजूला होतो."

तिसऱ्याच चढाईला त्याने समोरच्या रेडरचा घोटा धरला. पकड नेहमीसारखी पक्की होती. पण हात धरून साखळीत उभी असलेली त्याच्याच बाजूची तीन पोरं धावत येऊन त्याच्या गुडघ्यावर पडली. तो उठला, हात वर केला, हसला आणि चालत बाहेर गेला. टाळ्या थांबेनात. घरी पोचेस्तोवर गुडघा कलिंगडाएवढा झाला होता.

संघाच्या डॉक्टरला सांगायचं तर कुठे खेळलास, हे सांगावं लागलं असतं. मग जनानेच ठरवलं. बाईजाच्या गावात हाडं बसवणारा होता. त्याच्या बापाने कधीकाळी धर्माचा निखळलेला खांदा एका हिसक्यात बसवला होता आणि महिन्याभरात धर्मा पुन्हा चढाया करत होता. जनाने हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. भरतच्या गुडघ्याला पाल्याचा लेप लागला, बांबूच्या कामट्या बांधल्या गेल्या. दोन महिन्यांनी कामट्या निघाल्या तेव्हा पाय काडीसारखा बारीक झाला होता आणि गुडघा वाकत नव्हता. कल्याणच्या डॉक्टरने फोटो बघून कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाला, हाडाला काहीच झालेलं नव्हतं, आतली शीर तुटली होती, तीही तशीच आखडली. लगेच मोठं ऑपरेशन केलं तर निदान नीट चालेल.

ते ऑपरेशन जनाच्या टपरीच्या आवाक्यातलं नव्हतं. संघात नाव राहिलं तर संघ करणार होता. नव्या हंगामाच्या सरावात पहिल्याच दिवशी पाय मुरगळला, असं सांगायचं विठूने सुचवलं होतं. तपासणीसाठी संघाकडून दोनदा बोलावणं आलं, दोनदा भरतने ताप कळवला. आता सगळं त्या यादीवर होतं.

"आली!" प्रणय ओरडला.

सुरेंद्रने मोबाइलवर झडप घातली, प्रणयने तो हिसकावून घेतला. विठू उभा राहिला. जनाने स्टो बंद केला. तो बंद झाल्यावर टपरी इतकी शांत झाली की रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्याचं पाणी बुडबुडताना ऐकू यायला लागलं.

प्रणय एकेक नाव वाचत गेला. सहा नावं झाली. सातवं झालं. मग त्याने बोट खाली सरकवलं आणि वाचायचं थांबला.

"काय झालं? वाच ना!"

"सोडलेल्यांत हाय," प्रणय हळू म्हणाला. "पयलंच नाव."

सुरेंद्रने संघाच्या मालकाला, कोचला, कोचच्या खानदानाला शिव्या घातल्या. जर्सी जाळतो म्हणाला. चार वर्षं या माणसाने कोपरा सांभाळला आणि एक ओळ लिहून मोकळे! जना ऐकत होती. तिला वाटलं, घाल आणखी, थांबू नको.

पण शिव्यांनाही सरतेशेवटी दम लागतो. प्रणय मोबाइलमध्ये बघतच होता.

"डाव्या कोपऱ्याला सांगलीचा पोरगा घेतलाय," तो म्हणाला. "वीस वर्षांचा."

"कोन? दाखव." सुरेंद्र वाकला. "अरे, हा! याला बघितलाय मी ज्युनियरला. हा चांगलाय यार."

"जोरात हाय. हा बघ, इथं कसा आत शिरला."

"बाप रे! उचललाच की त्याला!" सुरेंद्र हसलासुद्धा. "खरं सांगू का, बदल पायजेलच होता. भरतचा टाइम तसा..."

विठू खाकरला. सुरेंद्रने मान वर केली. जना तिथेच उभी होती, दोन हातांच्या अंतरावर.

"काकी, तसं नाय... भरतला दुसरी टीम घेनारच ना. ऑक्शन हाय पुढच्या महिन्यात. उड्या पडतील बघ त्याच्यावर."

"दाखव मला," जना म्हणाली.

"काय?"

"त्या पोराचा खेळ दाखव."

प्रणयने बिचकत मोबाइल पुढे केला. जनाने पदराने हात पुसले आणि चष्मा लावला. सांगलीचा पोरगा तीन वेळा घोटा धरताना तिने पाहिला. मग आणखी एकदा लावायला सांगितलं.

"सुरेंद्र, तुझी जीप कधी सुटते?"

"आता, साडेचारला. का?"

"मला सरळगावच्या अलीकडे उतरव. भाऊजी, टपरी बघा."

विठूने मान हलवली. "वहिनी, मी येऊ?"

"नको. दूध तेवढं वर काढून ठेवा."

जीपमध्ये ती पुढे, सुरेंद्रच्या शेजारी बसली. किन्हवली मागे पडेपर्यंत तो बोलतच होता. कोणता संघ डावा कोपरा शोधतोय, कोणाकडे जागा आहे, भरतने आता उजवीकडेही खेळून बघायला पाहिजे. मधेच त्याला काहीतरी आठवलं.

"पन काकी, सरळगावला काय काढलंस?"

"भरत तिथं हाय."

"कॅम्प सुटला?"

"कॅम्पला गेलाच नवता. त्याचा गुडघा गेला, सुरेंद्र. तुमच्यासमोर गेला, फेब्रुवारीत. माझ्या हाकेला खेळला न् गेला. मग मी त्याला हाडवाल्याकडे नेला, तो आनखी गेला. कुनाची टीम न् कुनाचं ऑक्शन. तो आता खाली बसू शकत नाय."

सुरेंद्रने गिअर बदलला. पुढचे पाच-सहा मैल मागच्या सीटवरच्या बाया काय बोलत होत्या तेवढंच ऐकू येत होतं. फाट्यावर त्याने जीप उभी केली. या माणसाने भरतसोबतचा फोटो जीपच्या काचेवर चिकटवला होता. भरत गावात आला की हा आधी जाऊन त्याच्या गळ्यात पडायचा. आज तो खाली उतरला नाही.

"काकी," समोर बघतच तो म्हणाला, "त्याला सांग... म्हनजे काय सांगशील आता." आणि जीप निघून गेली.

भरत बाईजाच्या पडवीत खांबाला टेकून उभा होता. दाढी वाढलेली, खांदे अजून रुंद, आणि लुंगीखालचा डावा पाय काठीसारखा सरळ.

"कळलं," तिने काही बोलायच्या आत तो म्हणाला. "मोबाइल हाय ना."

जना पायरीवर टेकली. उन्हाने तिला धाप लागली होती.

"नाक्यावर काय बोलत होते?"

"शिव्या घातल्या. सुरेंद्र जर्सी जाळतो म्हनला."

"आनि?"

"आनि काय."

त्याने पाठ खांबाला नीट टेकवली. "नवा पोरगा बघितलास?"

दुसऱ्या कशाबद्दलही ती त्याच्याशी खोटं बोलली असती. खेळाबद्दल तिला कधी खोटं बोलता आलं नव्हतं.

"बघितला. चांगलाय. हात पक्का हाय. पन घाई करतो, गुडघा आत पाडतो."

"हां. मी पन तेच बघितलं." भरतने मान हलवली. "कुनीतरी सांगायला पायजे त्याला. नायतर दोन वर्षांत बसंल घरी."

"भरत, मी हाक मारायला नको होती रे."

रस्त्यावरून गुरं परतत होती. त्यांची धूळ पडवीपर्यंत आली. भरत त्या धुळीकडे बघत होता. तू नसती मारलीस तरी मी खेळलो असतो, एवढंच तो म्हणाला असता तर तिने ते खोटं मुकाट्याने पदरात घेतलं असतं. तो तसं म्हणाला नाही.

"जेवलीस का?" त्याने विचारलं.

बाईजाकडे दिवस मावळायच्या आत जेवायची रीत होती. तिने चुलीपुढे पाट मांडले, भात वाढला, वालाचं बिरडं वाढलं. भरतचं ताट मात्र तिने भात ठेवायच्या कणगीच्या झाकणावर नेऊन ठेवलं. ते त्याच्या छातीपर्यंत येत होतं. एका हाताने भिंत धरून तो तिथे गेला आणि त्यांच्याकडे पाठ करून, उभ्यानेच, पहिला घास कालवू लागला.

जना पाटावर बसली होती. तिने एकदा आपल्या ताटाकडे पाहिलं. मग ते उचललं, गुडघ्यावर हात देऊन उठली, कणगीपाशी गेली आणि त्याच्या ताटाशेजारी आपलं ताट टेकवलं. झाकण लहान होतं. भरतने आपलं ताट थोडं सरकवून तिच्या ताटाला जागा करून दिली.

दोघं उभ्याने जेवली. बाईजाने मधे दोनदा भात आणून वाढला.