शिक्षेऐवजी शेंगा

वाळल्या शेंगा फोडल्याचा हलका, कोरडा आवाज मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्या कळंबच्या शाळेतल्या कोपऱ्यातल्या खोलीतून येई, आणि शेजारच्या वर्गात शिकवताना मी उगाचच अस्वस्थ होई. तिथं कांबळे मॅडम बसत. मुलांचे रुसवे, भांडणं, रडणं ऐकून घ्यायला बारामतीहून एसटीनं येणाऱ्या त्या समुपदेशक. पोराच्या ओंजळीत शेंगा देत आणि काही म्हणजे काही विचारत नसत. हिवाळ्याचं कोवळं ऊन त्यांच्या पिकत चाललेल्या केसांवरून सुपात उतरे, तळहातावरची तांबूस सालं फुंकरीसरशी उडत, आणि त्या मौनातच तास सरे. छडीवर आणि दाखल्याच्या धाकावर वीस वर्षं वर्ग चालवलेल्या मला हे निव्वळ लाड वाटत.

नववीतल्या सारिकानं खिडकीची काच फोडली. शनिवारच्या दांड्या तर नेहमीच्याच. मी दाखला हातात द्यायला निघालो होतो, तर मॅडमनी तिला आपल्याकडं मागून घेतलं. तीन आठवडे ती नुसत्या शेंगा सोलत राहिली, चौथ्यात बोलली. आई भांडून सांगवीला माहेरी गेलेली, वडलांनी भेटीला बंदी घातलेली, म्हणून ही पोर शनिवारी बारामतीला एसटी बदलून चोरून आईकडं जाई. "सर, हे आपल्या दोघांतच ठेवा. तिला शिक्षा होऊ नये एवढ्यासाठी सांगतेय," मॅडम म्हणाल्या. सारिका हळूहळू वर्गात हसायला लागली.

आणि मी काय केलं? पालकसभेत तिचे वडील भेटले. पोरांचं सगळं घरी कळवायचं, ही आमची जुनी खोड. मी शहाणपणा पाजळला, "तात्या, पोरीला आईकडं उघड जाऊ द्या की."

"म्हंजी शाळेच्या नावानं तितं जाती व्हय?" तात्या सावकाश म्हणाले. "मग शाळाच नगं."

दुसऱ्या दिवशी दाखला मागायला तेच आले. समजावून पाहिलं, ऐकेनात. कारकून रजेवर होता, म्हणून दाखला मीच लिहिला. सारिका दाराशी उभी राहून माझ्या हाताकडं बघत होती. नंतर मॅडम दोनदा तिच्या घरी जाऊन आल्या. तात्यांनी दार उघडलं नाही.

मी त्यांच्या खोलीत गेलो. चूक कबूल केली. मॅडमनी चार शब्द सुनवावेत, मी खाली मान घालून सोसावेत आणि सुटावं, असं फार वाटत होतं. त्यांनी खुर्ची पुढं केली आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मुलांचं ऐकत तसंच.

शिक्षेला निदान शेवट असतो. वर्ष सरलं, हजेरीपटावरून नाव गेलं, तरी हजेरी घेताना तिच्या नावाच्या जागेपाशी माझी जीभ अजून थांबते, आणि त्या थांबण्याला कुणीच 'हजर' म्हणत नाही.