धम्मानंदचे पाच किलो

"काटा बगा आप्पा, काटा! वीस किलो बसतंय माझं. ह्ये पंधराच हाय."

सरजाबाईचा आवाज पार चावडीपर्यंत गेला. रेशनच्या रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. दुकानदार शिवमूर्तीआप्पानं अंगठ्याचं मशीन तिच्यापुढं सरकवलं.

"वरडू नको. कार्डावर चार माणसं. तुझ्या धम्मानंदानं त्याचे पाच किलो जम्मूकडं उचललेत. आता देशात कुठल्याबी दुकानात अंगठा लावला की आपला वाटा मिळतंय. हितं दिसायलंय. मी खाल्ले व्हय?"

"मुकादम तर मनला हुता, खाणंपिणं ठेकेदाराचं."

"मग जा, मुकादमाला इचार."

धम्मानंद सरहद्दीवर रस्त्याच्या कामाला गेला होता. जळकोटकडच्या या गावात बिनजमिनीच्या माणसाला काम मिळतं ते दुसऱ्याच्या बांधावर, नाहीतर मुलखाच्या टोकाला. घरात उरली सून वर्षाराणी आणि नात सृष्टी. संध्याकाळी सरजाबाईनं पोराला फोनवर झापलं.

"लेकराच्या तोंडचं कामून उचललास रं?"

"माय, हितं निस्ता पातळ भात देतेत. दगडं फोडून पोट खपाटीला जातंय."

"मग आमी काय बासुंदी खायलाव?"

तो हसला. "बरं बाई. पुढच्या महिन्यात न्हाई उचलत."

आणि लढाई लागली. गावात ती टीव्हीवर लागली. साखर, तेल, मीठ दोन दिवसांत गायब. ज्यांच्या घरात सालभराचं भरलेलं होतं, त्यांनीच पोती उचलली. सरजाबाईला मिठाचा पुडा मिळाला नाही. सरपंचानं गावाचे दिवे घालवून सराव करून घेतला, गावातल्या एका फौजी पोराच्या आईला शाल दिली. द्यावीच. तिचंही काळीज तिकडंच होतं. पण तोफेचा गोळा खाली पडताना फौजी कोण आणि खडी टाकणारा कोण हे विचारत नाही. विचारतात ती माणसं.

धम्मानंदचा फोन लागेना. मुकादमानं स्वतःचा बंद करून टाकला. पोलिसानं विचारलं, "फौजेत हाय का?"

"न्हाई. रस्त्यावर हाय."

"मग मुकादमाला तक्रार द्यायला लाव."

लढाई थांबली. पोरांनी चौकात फटाके उडवले. फोन लागला नाही.

"रेशनच्या मशीनला कळतंय," सरजाबाई सुनेला म्हणाली. "पंधरा आले की समज, त्यो जेवला."

पुढच्या महिन्यात दुकान उघडायच्या आधीच ती पायरीवर बसली होती. अंगठा लावला. आप्पा मशीनकडं बघतच राहिला.

"पुरा माल हाय, सरजाबाई. वीस."

"परत बगा."

त्यानं परत बघितलं. "वीसच."

रांगेत या वेळी कुणी हसलं नाही.

"मी रागं भरले हुते त्याला," सरजाबाई म्हणाली. "मनून उचललं नसंल. लई ऐकतंय माझं त्ये."

"हाव. तसंच आसंल."

आप्पानं पोतं ओढलं, घमेल्यानं गहू टाकायला लागला. तिनं हात आडवा धरला.

"त्याचं नका काढू. मशीनमदीच ऱ्हाऊ द्या. भूक लागली तर उचलंल तिकडं."

"महिना सरला की जातंय त्ये, माय." आप्पा तिला पहिल्यांदाच माय म्हणाला. "घरी ने. लेकरू खाईल."

"पंधरा टाका मनले ना!"

महिना सरला. ते पाच किलो कुणीच खाल्ले नाहीत.

त्याच्या पुढच्या महिन्यात मशीननं पुन्हा वीस दाखवले. आप्पानं ते तिला सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. त्यानं गुमान धान्य काट्यावर टाकलं. आकडा थरथरला, पंधरावर थांबला. आप्पानं वरून एक ओंजळ टाकली. सरजाबाईनं ती परत पोत्यात सारली, आकडा पुन्हा वाचला आणि पिशवीचं तोंड बांधलं.

"बरोबर हाय," ती म्हणाली.