एका पिवळ्या वांग्याची राखण

मित्रांनो, मी एक जुनी गोणी आहे. निर्जीव वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या, की त्या बहुधा अडगळीच्या कोपऱ्यातून बोलतात आणि शेवटी तुमच्याकडे दयेची याचना करतात. माझी कोणतीही याचना नाही. मी सांगणार आहे ती एक हकीकत आहे. ती सांगताना माझा सूर कडवट झाला, तर तो दोष माझ्या तागाचा समजू नका.

माझा ताग बंगालचा. हुगळीकाठच्या एका गिरणीत मला विणले, कडेला एक निळी पट्टी घातली आणि बटाट्यांनी भरून पुण्याच्या मार्केट यार्डात पाठवले. तिथे गेनबा नावाच्या हमालाने माझ्या अंगात पहिल्यांदा लोखंडी आकडा रुतवला. यात त्याचा काही दोष नव्हता. आकडा रुतवल्याशिवाय त्याच्या पाठीवर ओझे चढत नसे आणि ओझे चढल्याशिवाय त्याच्या घरी चूल पेटत नसे. अनेक फेऱ्यांनंतर माझ्या अंगाला इतकी भोके पडली, की माझ्यातून बटाटे निसटू लागले. बाजारात याला निकामी होणे म्हणतात. त्या दिवशी टेम्पोचालक मच्छिंद्र याने मला उचलले आणि शहराबाहेर मांजरी गावाच्या बाजूला असलेल्या आपल्या इमारतीत आईकडे आणून टाकले.

त्या इमारतीचे नाव ‘हरितमळा’. तिच्या जागी पूर्वी खरोखरच मळा होता आणि तो मच्छिंद्रच्या आईचा, म्हणजे सोजरबाईंचा होता. जमीन गेली, विहीर बुजली आणि मोबदल्यात सोजरबाईंना पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचे घर मिळाले. जे नाहीसे केले त्याचेच नाव दारावर कोरण्याची ही नागरी पद्धत विद्वानांनी अवश्य अभ्यासावी. शिकारी दिवाणखान्यात हरणाचे मुंडके लावतो, त्यामागचा भाव याहून फारसा निराळा नसावा.

इमारतीच्या गच्चीवर प्रत्येक घराला बागेसाठी एक कोपरा दिला होता. ही योजना सचिव श्यामसुंदरराव यांची. ते निवृत्त अधिकारी होते, बागकामावरची बारा पुस्तके त्यांच्या संग्रही होती आणि बाराही त्यांनी वाचलेली होती. दरवर्षी एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, इमारतीच्या वर्धापनदिनी, परीक्षक येऊन प्रत्येक कोपऱ्याला पन्नासपैकी गुण देत. टवटवी, नीटनेटकेपणा, रोगमुक्तता अशी सदरे असत. पंचवीसपेक्षा कमी गुण मिळाले, तर कोपरा आठवड्याभरात रिकामा करून द्यायचा, असा नियम होता. झाडांनाही नापास करता येते, हे मला तिथे प्रथम कळले.

सोजरबाईंच्या कोपऱ्यात तेलाच्या कापलेल्या डब्यांत आणि मासळीवाल्याने टाकून दिलेल्या खोक्यांत टोमॅटो, मिरच्या, झेंडू आणि दोडक्याचा वेल होता. सगळ्यांच्या मागे, एका तडकलेल्या पिंपात, वांग्याचे एकच झाड होते. त्यांनी माझी शिवण उसवून मला सपाट केले, चार काठ्यांवर त्या झाडाच्या वर ताणून बांधले आणि पाण्याने चिंब भिजवले.

“आता इथनं हलायचं न्हाई,” त्या मला म्हणाल्या. माझ्याशी थेट बोललेले ते पहिलेच वाक्य.

या एका झाडासाठी एवढा खटाटोप का, ते आता सांगतो म्हणणारे पुष्कळ भेटतील. मी झाडाच्या डोक्यावर होते आणि सोजरबाई पाणी घालताना झाडाशी बोलत, म्हणून मी त्यांच्याच तोंडचे सांगते. ते वाण सोजरबाईंच्या विहिरीकडच्या वाफ्यातले होते. पांढरट हिरवे, देठाला काटे असलेले, भरताचे. बाजारात ते मिळत नसे. जमीन गेली तेव्हा त्यांनी पदरात बांधून आणले ते हे बी. मी येण्याच्या आदल्या उन्हाळ्यात अवकाळी पावसाने बियाण्याची सगळी फळे कुजवली. डब्याच्या तळाशी उरलेले जुने बी त्यांनी दिवाळीनंतर पेरले, त्यातून दोन रोपे उगवली आणि मार्चच्या झळांनी त्यांतले एक नेले. उरलेल्या झाडाने फेब्रुवारीच्या अखेरीस एक फळ धरले होते. पुढची सारी फुले उष्णतेने गळाली. म्हणजे पिढ्यान् पिढ्या चालत आलेले एक वाण त्या उन्हाळ्यात एकाच वांग्यात शिल्लक होते.

बियाण्याचे फळ ताटासाठी नसते. ते झाडावरच जून होऊ द्यायचे, पिवळे पडू द्यायचे, कातडी सुरकुतली तरी राहू द्यायचे. सोजरबाईंच्या माहेरी-सासरी अशा फळाच्या देठाला दोरा बांधण्याची रीत होती. दोरा दिसला की त्या फळाला कोणी हात लावत नसे, अगदी दारी आलेल्या पाहुण्यानेही नाही. त्यांनी माझ्याच कडेचा एक धागा ओढून त्या वांग्याच्या देठाला बांधला.

यंदाचा उन्हाळा कोणाच्याच अंदाजाला बांधील नव्हता. मार्चमध्ये पहाटे गोधडी लागे आणि दुपारी गच्चीची फरशी पाय भाजून काढी. एप्रिलात चार दिवस आभाळ भरून राहिले, थेंब पडला नाही, आणि पाचव्या दिवशी असे ऊन पडले की दोडक्याची पाने कागदासारखी वाजू लागली. सोजरबाई सकाळी आणि दुपारी मला भिजवत. माझ्यातून झिरपणारा ओलावा खाली पोचे. श्यामसुंदररावांनी आपल्या गुलाबांवर लोखंडी नळ्यांचा सांगाडा उभारून विकत आणलेली हिरवी जाळी बसवली होती. ती दिसायला सुरेख होती, हे मी मान्य करते. खालच्या रस्त्यावरूनही दिसत असे.

वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, ते कात्री घेऊन पाहणीला आले. मच्छिंद्रही तिथेच होता.

“सोजरबाई, रोगट फळे काढण्याची सूचना आपल्याला वाचता येत नाही, की वाचायची नाही?”

“वाचता येती. पटत न्हाई.”

“हे फळ किडलेले आहे. रोगमुक्ततेचे दहा गुण जातील. आणि हे गोणपाट. नीटनेटकेपणाचे काय करायचे आपण?” त्यांनी कात्री पुढे केली.

सोजरबाई मधे आल्या. “त्याला दोरा हाय. ते बियाण्याचं हाय.”

“बी दुकानात पाकिटात मिळते. वर तारीख छापलेली असते.”

“मग आमचं हुडकून द्या पाकिटात.”

श्यामसुंदरराव किंचित हसले. पुस्तकात नसलेल्या गोष्टीकडे पाहून हसण्याची एक विशिष्ट पद्धत असते, ती त्यांना अवगत होती. “ठीक आहे. फळ राहू द्या, मी परीक्षकांना पानाआडचे काही दाखवणार नाही. पण हे लक्तर तेवढे खाली उतरवा. नाहीतर उद्या कोपरा गेला म्हणून समजा.”

“आई, उतरव की,” मच्छिंद्र म्हणाला. “एका दिवसाचा तर प्रश्न हाय. कोपराच गेला तर तुझं वांगं कुठं जगायचं?”

कोपरा राहिला तर झाड राहील, हा त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. सोजरबाईंनी काही वेळ आभाळाकडे पाहिले. आभाळ लख्ख होते. त्यांनी काठ्या सोडल्या, माझी घडी घालून मला जिन्याच्या तोंडाशी ठेवले. शहाणपणाच्या नावाखाली केलेली ही त्यांची एकमेव चूक. मी तिथे पडून पाहत होते, आणि मला जो संताप आला तो गोणीला शोभणारा नव्हता.

दुपारी तीनच्या सुमारास पूर्वेकडून ढग आला. आधी धूळ, मग वारा, मग अचानक गारवा. श्यामसुंदररावांची जाळी शिडासारखी फुगली. पहिली गार फरशीवर आपटली तेव्हा सोजरबाई धापा टाकत वर आल्या. त्यांच्या हाताशी मी एकटीच होते. उद्या गुण देणार होते ते टोमॅटो, झेंडू, मिरच्या सगळे समोर उघडे होते. मला त्या पुढच्या खोक्यांवर पसरल्या असत्या, तर कोपरा बहुधा वाचला असता. त्यांनी तिकडे पाहिलेही नाही. त्या सरळ मागे गेल्या, माझी दुहेरी घडी पिंपावर टाकली, दोन टोके मुठीत धरली आणि झाडाला छाताडाशी घेऊन माझ्याखाली बसल्या.

गारा लिंबाएवढ्या होत्या. मी त्या झेलल्या. आकड्यांनी भोके पाडलेल्या कापडाने जेवढ्या झेलता येतात तेवढ्या झेलल्या. उरलेल्या त्यांच्या पाठीवर बसल्या.

इतक्यात दुसऱ्या मजल्यावरच्या नसीमबानू डोक्यावर परात धरून जिन्यातून आल्या. त्या घरी शिवणकाम करीत. परातीवर गारांचा असा ताशा वाजत होता की त्यांना ओरडून बोलावे लागले.

“मावशी, मरायचंय का एका वांग्यापायी?”

“परात इकडं धर. बोल मागनं.”

“माझ्या डोक्याचं काय मग?”

“तुझं डोकं परत उगवतंय का बघू. ह्याचं न्हाई उगवणार.”

नसीमबानूंनी परात झाडावर धरली आणि स्वतः माझ्या उरलेल्या टोकाखाली शिरल्या. दहा मिनिटे दोघी एकमेकींना टेकून बसल्या होत्या आणि एकमेकींना बोल लावत होत्या.

ढग आला तसा गेला. टोमॅटोंचा चिखल झाला होता, दोडक्याचा वेल जमिनीला मिळाला होता. हिरव्या जाळीत गारा साठून ती पोटासारखी लोंबली आणि नळ्यांचा सांगाडा गुलाबांवर कोसळला. पिंपातल्या झाडाची वरची दोन पाने फाटली होती. पिवळे वांगे देठाला होते.

रविवारी परीक्षक आले. श्यामसुंदररावांच्या कोपऱ्याला एकेचाळीस गुण मिळाले, कारण ‘योजनाबद्धता’ या सदरासाठी आठवड्यापूर्वीची छायाचित्रे ग्राह्य धरण्यात आली. सोजरबाईंना अठरा मिळाले. रोगमुक्तता शून्य. जे एकच फळ त्या साऱ्या गच्चीवर जिवंत राहिले होते, त्याच्यापुढे परीक्षकांनी लिहिले, ‘रोगट’. मित्रांनो, अज्ञानाचा राग कोणी करू नये. पण अज्ञान जेव्हा तक्ता आखून, पेन घेऊन, गुण द्यायला येते, तेव्हा राग न येणे हाच रोग होय.

“सात दिवसांत कोपरा रिकामा करावा,” श्यामसुंदरराव म्हणाले.

“आठ द्या. ह्याला अजून आठ दिस लागत्यात पिकायला.”

“नियमात सात आहेत.”

सोजरबाईंनी वाद घातला नाही. सातव्या दिवशी संध्याकाळी, अगदी शेवटच्या उजेडात, त्यांनी फळ देठासकट कापले. घरी नेऊन चिरले, गर पाण्यात कुस्करला आणि पातेल्याकडे बघत बसल्या. एक दिवस कमी पडला होता. बी पोसलेले असेल तर तळाला जाणार होते, पोकळ असेल तर वर येणार होते. मच्छिंद्र दारात उभा होता. नसीमबानू पातेल्यावर वाकल्या.

“बुडतंय, मावशी. थोडं तरंगतंय, बाकी बुडतंय.”

“बुडालं ते भरलेलं,” सोजरबाई म्हणाल्या.

“आई, म्याच सांगितलं तुला गोणी उतरवायला,” मच्छिंद्र म्हणाला.

“तू सांगितलंस, म्या उतरवली. आता जा, माती आण वरनं. कोपरा रिकामा करायचाय न्हवं?”

त्याने तीन खेपांत सारी माती खाली आणली. नियमानुसार गच्ची झाडून, धुऊन परत केली. दरम्यान नसीमबानूंनी दाभण घेतले. त्यांनी मला कापून माझ्या सहा पिशव्या शिवल्या. मी एकीची सहा झाले. याचे दुःख मानावे असे मला कोणी शिकवले नाही आणि मी आपणहून शिकले नाही. राखेत सुकवलेले बी जूनच्या सुरुवातीला माझ्यात पेरले गेले आणि सहाही पिशव्या सोजरबाईंच्या खिडकीच्या जाळीत, आतल्या बाजूने, टांगल्या गेल्या.

नवव्या दिवशी अंकुर आले. रोपे वीतभर झाल्यावर प्रत्येक पिशवीत एकेक राहिले, बाकीची या घरातून त्या घरात गेली. कोणी डब्यात लावले, कोणी जुन्या बादलीत. प्रत्येकाला सोजरबाईंची एकच अट होती, पहिले चांगले फळ खायचे नाही, त्याला दोरा बांधायचा. श्यामसुंदरराव सहीचे पत्रक घेऊन दारात आले. खिडकीतल्या पिशव्यांमुळे इमारतीच्या दर्शनी भागाला बाधा येते, असा त्याचा आशय होता.

“नियम गच्चीचा हाय. खिडकी माझी हाय,” सोजरबाई म्हणाल्या. “रोप हवंय का तुमाला? गुलाब तर गेले.”

पत्रकाची घडी घालून श्यामसुंदररावांनी ती खिशात ठेवली आणि रोप दोन्ही हातांनी घेतले. दोरा कसा बांधायचा, हे त्यांना विचारावे लागले. बाराही पुस्तकांत ते नव्हते.

आता पावसाळा सरत आला आहे. मुळे माझ्या विणीतून बाहेर आली आहेत, माझा तळ सुटत चालला आहे आणि येत्या उन्हाळ्यात मी नसेन. तेव्हा ‘जुन्या वस्तू जपून ठेवा’ असा उपदेश माझ्याकडून अपेक्षू नका. मला जपू नका. मला भिजवा, कापा, मातीने भरा, उन्हात आणि गारांत उभी करा. जपायचे असेल, तर कोणाच्या तक्त्यात न बसणारे आणि उद्या दुसरीकडे कुठेही न मिळणारे ते जपा. त्यासाठी कोपरा गेला तर जाऊ द्या. यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही अठरा गुण मिळवून नापास झालो, आणि आज ‘हरितमळा’च्या बावीस खिडक्यांत ते वांगे फुलावर आहे.