ब्रिजिटच्या नावाची वजावट

माझा धाकटा भाऊ डेल आणि त्याची बायको रोझान वेगळे झाले, तेव्हा न्यायाधीशबाईंनी सगळा निवाडा एका पानात बसवला. मुलगी ब्रिजिट आईकडे राहील. डेल आठवड्याला साठ डॉलर पोटगी देईल. आणि वर्षअखेरीस पोटगीची बाकी नसेल, तरच मुलीच्या नावाची आयकरातली वजावट, म्हणजे मूल पोसणाऱ्याला करात मिळणारी सूट, डेलला मिळेल. त्यासाठी रोझानने एका फॉर्मवर सही करून द्यायची.

टोलीडोत मी लोकांचे आयकराचे कागद भरून देते. घटस्फोट झाला तरी ती दोघं माझ्याकडेच यायची, फक्त वेगवेगळ्या दिवशी.

शहाण्णव सालच्या फेब्रुवारीत डेल आला. आदल्या ऑगस्टमध्ये काचेच्या कारखान्यातली त्याची नोकरी गेली होती. पुढे लोकांची छपरं दुरुस्त करून त्याने काही दिवस काढले, पण थंडी पडली तसं तेही थांबलं. चौदा आठवड्यांची पोटगी थकली होती.

"व्हर्ना, एवढी रोझानची सही घेऊन दे ना. तुझं ऐकते ती."

"बाकी किती आहे, ठाऊक आहे ना?"

"आठशे चाळीस. म्हणून तर आलोय! वजावट मिळाली तर पावणेचारशे जास्तीचे परत येतील. ट्रकचा गिअरबॉक्स गेलाय. ट्रक नाही तर काम नाही, आणि काम नाही तर पोटगी काय झाडाला लागते?"

बोलणं खोटं नव्हतं. पण एक गोष्ट त्याला माहीत नव्हती, आणि ती मलाच सांगावी लागली. पोटगी थकली असेल तर कराचा परतावा बापाच्या हातात पडतच नाही. सरकार तो परस्पर मुलाच्या आईकडे वळवतं.

"म्हणजे माझ्या पगारातून कापलेले पैसे मला नाहीत?"

"तुझ्या मुलीला आहेत."

"तू माझी बहीण आहेस की तिची?" असं म्हणून तो गेला. दार त्याने लावलंसुद्धा नाही. वारा आत येत राहिला.

चार दिवसांनी रोझान आली. ती शाळेच्या स्वयंपाकघरात अर्धा दिवस काम करते. तिचा पगार एवढा थोडका की वजावट असो वा नसो, कर शून्यच. मी आकडे मांडले तेव्हा लक्षात आलं, की सही करून तिचं काहीच जात नाही, उलट डेलचे जास्तीचे पावणेचारशे फिरून तिच्याच घरात येतात. मी खूश होऊन फॉर्म तिच्यापुढे सरकवला.

तिने तो दोनदा वाचला.

"हिशोब चोख आहे तुझा. पण याचा अर्थ काय होतो गं? पोरीला तो पोसतो, असाच ना?"

"अगं, सरकारी कागद आहे तो."

"सरकारचं मला सांगू नकोस. पैसे नाहीत हे कळतं मला. कारखाना बंद पडला, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. पण नोव्हेंबरपासून हा माणूस तिला भेटायला आला नाही. दर रविवारी दहा वाजल्यापासून ती कोट चढवून खिडकीत बसते. परवा मला विचारत होती, आई, मी डॅडला काही वाईट बोलले का?"

डेल का जात नव्हता, हे मला माहीत होतं. मागे एकदा तो म्हणाला होता, पोरीला पिझ्झा खायला घालण्याइतकेही खिशात नसतील तर कुठल्या तोंडाने जाऊ? ते मी रोझानला सांगितलं.

"पिझ्झा मागितलाय कुणी?" तिने फॉर्मची घडी करून पर्समध्ये टाकली. "सांग त्याला, का आला नाहीस ते पोरीला स्वतःच्या तोंडाने सांग. मग बघू सहीचं."

मी डेलला फोन करून निरोप दिला.

"पैसे तर तिलाच मिळणार. मग सहीसाठी मी कशाला खेटे घालू?"

"सहीसाठी जाऊच नकोस," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

दोन रविवार तसेच गेले. तिसऱ्या रविवारी तो गेला, दोन बस बदलून. पुढचं मला रोझानने सांगितलं. बापलेक बाहेर पायरीवर बसले होते आणि ती आतून ऐकत होती. डेल बराच वेळ बुटाची नाडी सोडत-बांधत होता. मग म्हणाला, "माझी नोकरी गेली, बेटा. तुझ्या आईला पैसे देता आले नाहीत. लाज वाटली, म्हणून आलो नाही. तुझं काही चुकलं नव्हतं."

दहा वर्षांची पोर म्हणाली, "मग बसने यायचं ना. पैसे कशाला लागतात?"

संध्याकाळपर्यंत दोघं पत्ते खेळली. रोझानने त्यालाही मॅकरोनी वाढली. फॉर्मचं नाव त्याने काढलं नाही. जायला उठला तेव्हा तिनेच तो आणून त्याच्यासमोर सही केली. "एका वर्षापुरतीच आहे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी."

वजावटीचे पावणेचारशे धरून परताव्याचे पाचशे पासष्ट जुलैत रोझानकडे पोचले. त्यातून तिने घरभाड्याची ओढाताण मिटवली. उरलेली बाकी डेल दहा-वीस करत फेडत राहिला. ट्रक काही त्याला दुरुस्त करता आला नाही, तो भंगारात गेला. पण बसच्या वाटेवरच्या एका बेकरीच्या गोदामात त्याला काम मिळालं. कारखान्याच्या मानाने पगार कमी होता. ती दोघं पुन्हा एकत्र आली, असंही काही झालं नाही. फोनवर अजून भांडत. रविवार मात्र त्याने फारसे चुकवले नाहीत.

पुढच्या फेब्रुवारीत कागद भरताना मी विचारलं, "वजावटीचं काय करायचं?"

"एकतीस डिसेंबरला तीन आठवड्यांची बाकी होती," तो म्हणाला. "तिच्याकडेच राहू दे. मी मागणार नाही."

मी ती ओळ कोरी सोडली. त्याने सही केली आणि घाईघाईने उठला. ब्रिजिटला पोहायला न्यायचं होतं.