राखणदाराची जागा

करी रोडला आमची चाळ होती, तिथे आता दोन टॉवर आहेत. एक आम्हा जुन्या भाडेकरूंचा, दुसरा विक्रीचा, मध्ये भिंत. चाळीच्या आवारात, गेटच्या उजव्या हाताला, उंबराखाली राखणदाराचा, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाचा, दगड होता. माझे सासरे कुशाबा, म्हणजे आप्पा, गावच्या रिवाजाप्रमाणे दरवर्षी त्याला नारळ ठेवत. बांधकामात उंबर गेला, दगडही गेला. टॉवरमध्ये आल्यापासून आप्पा गेटच्या उजव्या हाताला नारळ ठेवतात.

यंदा नारळ ठेवायच्या आदल्या दिवशी ते माझ्या लॅपटॉपपाशी येऊन बसले.

"अनुजा, तुझ्या नकाशात आपली बिल्डिंग वरून दिसता ना? मग उंबर खंय होतो ता बघ गो. नारळ भलत्याच जाग्यार पडता, असा माका वाटता."

"ह्यांका स्वतःचो चष्मो गावत नाय, आणि राखणदार शोधतत!" सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

नकाशात जुन्या वर्षांचे फोटोही असतात. मी मागे जात राहिले. टॉवर नाहीसे झाले, खड्डा आला, मग चाळीची लांबलचक कौलं. कडेला एक गडद हिरवा ठिपका.

"उंबर!" आप्पांनी स्क्रीनवर बोटच टेकवलं.

तिथे खूण करून मी आजच्या फोटोवर आले. खूण आमच्याच गच्चीवर पडली.

"म्हणजे नारळ गच्चीर ठेवायचो?"

मला ते पटेना. उपग्रहाने तिरक्या नजरेने घेतलेल्या फोटोत उंच इमारत कललेली दिसते. तिची गच्ची शेजारची जमीन झाकते. मी दुसऱ्या बाजूने घेतलेला फोटो शोधला. शाळेचं बैठं छप्पर आणि रस्त्याचं वळण दोन्ही वर्षांत तेच होतं, त्यावरून जुळवून पाहिलं. खूण भिंतीच्या जरा पलीकडे, विक्रीच्या टॉवरच्या हिरवळीवर गेली.

"पण मी उजव्या हाताकच ठेवतंय!"

"आप्पा, चाळीचं गेट मोठ्या रस्त्यावर होतं. आताचं मागच्या गल्लीत आहे."

"गेट फिरला, तसो ह्यांचो उजवो हातय फिरलो," सासूबाई आता हात पुसत मागे उभ्या होत्या.

आप्पा हसले नाहीत. "मग इतकी वर्सां मी नारळ दिलंय कोणाक? आणि थंय माका कोण सोडतलो?"

मी खुणेभोवती एक वर्तुळ काढलं. "माझ्या मापात दोन-तीन मीटरची चूक असू शकते. जागा या वर्तुळात कुठेही असेल."

त्यांनी चष्मा सारखा करून पाहिलं. वर्तुळाचा एक तुकडा भिंतीच्या अलीकडे होता.

"ह्या खरा? माझ्या समाधानासाठी सांगत नाय ना?"

"खरं आहे. पण पलीकडे असण्याची शक्यता जास्त."

सकाळी त्यांनी भिंतीला अगदी खेटून नारळ ठेवला आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा, जागा दोन-तीन मीटर हयथंय झाली आसात, तर सांभाळून घे, महाराजा!"

"व्हय महाराजा!" सासूबाई म्हणाल्या. मीही म्हणाले.