आतलं दुकान

आमचे हे मुळातच कमी बोलणारे. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, दिवसभर डोळ्याला भिंग लावून श्वाससुद्धा जपून सोडायचे. दुकानात गिऱ्हाइकांशी बोलायचं काम माझं. घरीही यांनी नुसतं ‘अगं, तो...’ म्हणावं आणि मी ‘टॉवेल दांडीवर आहे’ म्हणून मोकळी व्हावं. छत्तीस वर्षांत यांचं एखादं वाक्य मी शेवटाला जाऊ दिलं असेल तर शपथ. मला वाटायचं, यालाच संसार म्हणतात.

गेल्या वर्षी यांना मेंदूचा झटका आला. हातपाय सावरले, शब्द मात्र गेले. डॉक्टर म्हणाले, याला अफेझिया म्हणतात. माणसाला सगळं कळतं, काय म्हणायचंय तेही डोक्यात असतं, पण शब्द तोंडापर्यंत पोचत नाही. यांच्याकडे एकच शब्द उरला, ‘चावी’. चहा हवा, चावी. पंखा बंद कर, चावी. चिडले की तीनदा चावी, तीन वेगवेगळ्या सुरांत. मला सगळं समजायचं. पण भांडायला दोन माणसं लागतात हो! मला यांचं एक तरी धड वाक्य ऐकायचं होतं, अगदी शिवी असली तरी चाललं असतं.

दवाखान्यातली स्पीच थेरपिस्ट आमच्या लेकीच्या वयाची. तिने यांच्या डोक्यावर एक जाडजूड चष्मा चढवला, घोड्याच्या झापडांसारखा. व्हीआर म्हणतात त्याला. तो घातला की खोली दिसेनाशी होते आणि माणूस थेट एका दुकानात उभा राहतो. समोर मिशीवाला दुकानदार. तो विचारतो, ‘बोला, काय देऊ?’ फळीवर जी वस्तू चमकते तिचं नाव घ्यायचं. अशा बैठका दहाच. मग चष्मा पुढच्या पेशंटला, आणि तोवर काही बोलणं फुटलं नाही तर यांच्या हातात चित्रांची वही. हवं त्यावर बोट ठेवायचं.

बोट ठेवून चहा मागणारा नवरा मला नको होता.

आत यांना जे दिसायचं ते टेबलावरच्या लॅपटॉपवर मलाही दिसायचं. थेरपिस्ट चष्मा लावून द्यायची आणि पडद्यापलीकडे दुसऱ्या पेशंटकडे जायची. पहिल्याच दिवशी साबण चमकला. यांची नुसती चुळबुळ सुरू झाली, कपाळावर घाम आला. मी हळूच म्हटलं, ‘साबण.’ टिंग वाजलं आणि मिशीवाल्याने साबण काढून दिला.

झालं! टॉर्च म्हणू नका, दोरी म्हणू नका, छत्री म्हणू नका. आठव्या बैठकीला दहापैकी नऊ गुण पडले आणि मी नणंदेला फोन करून सांगितलंसुद्धा. आवाज आपला आहे हे मला कळत नव्हतं असं नाही. पण परीक्षेत पोराला उत्तर सांगणाऱ्या आईला तो पेपर पोराचाच वाटतो.

नवव्या बैठकीनंतर थेरपिस्टने यांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि मला आत बोलावून रेकॉर्डिंग लावलं. साबण, टॉर्च, दोरी, सगळीकडे मीच.

“तुमच्या यंत्राला बाईमाणसाचा आवाज ओळखू येत नाही का?” मी म्हटलं. चोराच्या उलट्या बोंबा.

“काकू, आता माझ्याकडे नका बघू, नीट ऐका,” ती म्हणाली आणि आवाज वाढवला.

माझ्या प्रत्येक शब्दाआधी अगदी बारीक काहीतरी होतं. ‘सा...’ मग मी, ‘साबण.’ ‘दो...’ मग मी, ‘दोरी.’ माझ्या शब्दानंतर ते बारीक बोलणं थांबायचं.

“काकांना अजून एकही बैठक मिळालेली नाही,” ती म्हणाली. “नऊच्या नऊ तुम्हीच केल्यात. आता एक उरलीय.”

मी तिथेच रडले. माझ्या जिभेला हाड नाही असं माझी आई म्हणायची, पण त्या जिभेने यांचं एवढं नुकसान केलं असेल हे मला ठाऊक नव्हतं.

दहाव्या बैठकीला लॅपटॉप भिंतीकडे वळवला होता. माझी खुर्ची यांच्या शेजारून हलवून दाराशी ठेवली होती. आत काय चमकतंय ते मला दिसणार नव्हतं. मी मूग गिळून बसले. या वेळी थेरपिस्ट माझ्याजवळच उभी होती.

“बोला, काय देऊ?” मिशीवाला म्हणाला.

तो पुन्हा म्हणाला. यांनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. हात लांब करून माझ्या नेहमीच्या जागी चाचपडले. तिथे कोणी नव्हतं.

“चा... चा...” मग एकदम, “बायको.”

“माफ करा, ते आमच्याकडे नाही.”

थेरपिस्टने ओठ दाबून हसू आवरलं. मी खुर्चीतून उठले तर तिने माझं मनगट धरलं.

“बायको... माझी... कुठंय?”

“माफ करा, ते आमच्याकडे नाही.”

यांचा आवाज चढला. वर्षभरात मी तो चढलेला ऐकला नव्हता. “अरे... माझी बायको... इथं बसली होती! कुठं... कुठं गेली?”

मनगट सुटलं. मी धावत जाऊन चष्मा काढला. नाकावर लाल वळ, डोळ्यांत पाणी. मला बघून जीव भांड्यात पडला, आणि मग माणूस असा तापला म्हणता!

“इतका वेळ...” ते म्हणाले. थांबले. “बोलली... का...”

इथे ते फार वेळ अडले. पुढचा शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी तो गिळला. दम खाल्ला. त्यांना तो सापडायला माझ्या मते एक जन्म लागला.

“...नाहीस?”

“तुम्ही बोलत होतात ना,” मी म्हटलं.